तुटलेली १६ मिमी फिल्म सिमेंटने जोडताना

नाशिकमध्ये दादासाहेब फाळक्यांनी १९१८ साली हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी उभारली, त्या काळापासून संकलकाचा हात घडला तो कात्री, खरवडणी आणि फिल्म-सिमेंटवर (फिल्म विरघळवून जोडणारा द्रव). घरातली जुनी १६ मिमी रीळ तुटली असेल, तर हेच काम तुम्हालाही जमेल.

आधी टोक हलकेच फाडून पाहा. सहज फाटले तर फिल्म अॅसिटेटची. तिला सिमेंट चालते. फाटता फाटत नसेल तर पॉलिएस्टर, तिला टेपच लावा. जुनी ३५ मिमी रीळ नायट्रेटची असू शकते. ती भडका घेते, घरी हात लावू नका.

सुती हातमोजे घाला. मंद दिसणारी, ओठाला किंचित चिकटणारी बाजू म्हणजे इमल्शन, चित्र धरणारा थर. स्प्लायसरमध्ये (फिल्म जोडण्याचे छोटे यंत्र) खालच्या तुकड्याचे इमल्शन काचेसारखा पारदर्शक पट्टा दिसेपर्यंत खरवडा. जोड सुटतात ते बहुधा इथल्याच आळसामुळे. वरच्या तुकड्याची पाठही पुसून घ्या. सिमेंटचा एकच पातळ हात फिरवा, लगेच दाबा, वीसेक सेकंद थांबा. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात सिमेंट ब्रशवरच सुकते, म्हणून बाटली उघडी ठेवू नका. पावसाळ्यात दमट फिल्म आधी पंख्याखाली सुकवा.

बोलपट असेल तर ध्यानात ठेवा: १६ मिमीच्या ऑप्टिकल (प्रकाशाने वाचल्या जाणाऱ्या) ध्वनिपट्टीवर आवाज चित्राच्या २६ फ्रेम पुढे, म्हणजे रिळाच्या सुरुवातीकडे, असतो. चित्र पाहून कापलेत, तर चित्र बदलल्यावर सेकंदभराने येणारा संवादाचा शब्द तुटतो.