स्टीलची ताटली गार, लाकडी फळी कोमट: हाताची ही फसगत घरीच तपासा

रात्रभर एकाच टेबलावर पडलेल्या ताटलीला आणि लाकडी फळीला सकाळी हात लावा. ताटली गार लागते, फळी तेवढी लागत नाही. थर्मामीटर मात्र दोन्हींचं तापमान एकच दाखवतो, खोलीचं. हाताला वस्तूचं तापमान थेट कळतच नाही. त्याला कळतं ते इतकंच, की टेकल्यावर आपली कातडी किती आणि किती झपाट्याने गार किंवा गरम झाली.

तयारी

सेंटिमीटरभर जाडीचा ॲल्युमिनियमचा किंवा स्टीलचा ठोकळा, तेवढीच जाड लाकडी फळी आणि थर्माकोलचा तुकडा घ्या. पातळ पत्रा नको. हाताच्या उबेने तो लगेच तापतो आणि फरक पुसट होतो. तिन्ही वस्तू उन्हापासून दूर, एकाच टेबलावर किमान ४ तास ठेवा. खोली १८ ते २७ अंश सेल्सिअस असेल तर उत्तम. पारा ३३ च्या आसपास असेल तर प्रयोग फसणारच. का, ते पुढे येईल.

तापमान मोजायला लांबून रोखायचा इन्फ्रारेड थर्मामीटर वापरणार असाल, तर चकचकीत धातूवर तो हमखास चुकतो. धातूऐवजी त्यात परावर्तित होणाऱ्या आजूबाजूच्या वस्तूंचं तापमान तो वाचतो, कधी कधी तुमचंच. धातूवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, ५ मिनिटं थांबा आणि टेपवर नेम धरा.

स्पर्श

१. हात कोरडे हवेत. नुकतेच धुतले असतील तर १० मिनिटं थांबा.

२. एक तळवा धातूवर, दुसरा लाकडावर, एकाच वेळी, सारख्या दाबाने ३ सेकंद ठेवा.

३. मिनिटभर थांबून हात बदला. घाई केलीत तर धातूवरून आलेल्या गार हाताला लाकूड उगाच उबदार वाटेल.

४. शेवटी थर्माकोल. तो बहुतेकांना चक्क गरम वाटतो.

आता हिशोब. तळव्याची कातडी ३३ अंश आणि खोली २५ अंश धरा. ॲल्युमिनियमला टेकताच कातडीचा पृष्ठभाग साडेपंचवीसपर्यंत उतरतो, लाकडावर तो ३१ च्या आसपास राहतो आणि थर्माकोलवर जवळपास हलतच नाही. ॲल्युमिनियम लाकडाच्या सुमारे हजारपट वेगाने उष्णता वाहून नेतं. कातडीत जेमतेम मिलिमीटरच्या अंशाइतक्या खोलीवर असलेली मज्जातंतूंची टोकं हा उतार टिपतात. त्यांतली गारवा टिपणारी टोकं ऊब टिपणाऱ्यांपेक्षा संख्येने बरीच जास्त असतात. या टोकांमधलं गारवा ओळखणारं मुख्य प्रथिन, टीआरपीएम८, साधारण २६ ते २८ अंशांखाली जागं होतं. पुदिन्यातलं मेंथॉलही त्यालाच चाळवतं, म्हणून कातडी गार न होताही थंड वाटते. तापमान आणि स्पर्श टिपणाऱ्या अशा प्रथिनांच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापूटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं.

बर्फाची साक्ष

हातावर विश्वास नसेल तर बर्फाला विचारा. सारख्या आकाराचे दोन खडे घ्या, एक धातूवर आणि एक लाकडावर ठेवा. ‘गार’ धातूवरचा खडा आधी वितळतो. लहान मुलांना आधी अंदाज करायला सांगा. बहुतेक जण उलटं सांगतात. धातू जसा हाताकडून उष्णता ओढून घेतो, तशीच तो बर्फाला पुरवतोही.

३३ अंशांचा प्रयोग

हा सगळ्यात बोलका. धातू आणि लाकूड घट्ट बंद होणाऱ्या वेगवेगळ्या प्लॅस्टिक पिशव्यांत घालून ३३ ते ३४ अंशांच्या पाण्यात ४० मिनिटं बुडवा. लाकूड तरंगतं, वर वजन ठेवा. पाणी निवेल तसं थोडं थोडं गरम पाणी मिसळत राहा. मग वस्तू पिशवीतून काढून लगेच हात लावा: फरक जवळजवळ गायब. कातडी आणि वस्तू यांचं तापमान सारखं असेल तर उष्णता कुठे वाहणार? पिशवीत पाणी शिरलं असेल तर मात्र ओली वस्तू बाष्पीभवनाने गार लागते आणि सगळं बिघडतं.

हेच पाणी ४१ अंशांवर नेलंत तर क्रम उलटतो, धातू जास्त गरम लागतो. त्यापुढे जाऊ नका. ४३ अंशांच्या आसपास वेदनेची टोकं जागी होऊ लागतात.

तीन भांडी

एका भांड्यात १५ अंशांचं, दुसऱ्यात ४० चं आणि मधल्यात २८ चं पाणी घ्या. एक हात गारात, एक गरमात २ मिनिटं ठेवा. मग दोन्ही मधल्यात घाला. एकच पाणी एका हाताला ऊन, दुसऱ्याला गार लागतं. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी सतराव्या शतकातच हे नोंदवलं होतं. हात आधीच्या तापमानाला सरावतात आणि तिथूनच फरक मोजतात. २ मिनिटं पुरी होण्याआधी हात काढला तर परिणाम फिका पडतो.

म्हणूनच बाळाच्या आंघोळीचं पाणी एका बोटाने तपासू नये. तेच पाणी बोटापेक्षा अख्ख्या हाताला जास्त ऊन लागतं, कारण अनेक टोकांचे संदेश एकत्र येतात. नुकतंच थंड पाण्यात काम केलं असेल तर तर अंदाज आणखीनच चुकतो. पाणी नीट ढवळा आणि थर्मामीटरवर ३७ ते ३८ अंश बघूनच बाळाला आत घ्या. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसालाही ५ सेकंदांत भाजतं.