वर्कशॉपमध्ये अप्रेंटिस घेताय? सरकारी वाट्याचा हिशोब आधी समजून घ्या

‘अप्रेंटिस घ्या, त्यांचा पगार सरकार देतं,’ हे वाक्य सातपूर असो की शिरोली, एमआयडीसीतल्या चहाच्या टपरीवर कधी ना कधी कानावर पडतंच. त्यात दोन चुका आहेत. एक तर अप्रेंटिस म्हणजे शिकाऊ उमेदवार, त्याला मिळतो तो पगार नाही, विद्यावेतन आहे. आणि सरकार ते सगळं देत नाही, चौथा हिस्सा देतं, त्यालाही मर्यादा आहे. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना, म्हणजे सगळे जिला ‘नॅप्स’ म्हणतात ती, २०१६ पासून सुरू आहे. छोट्या कारखानदाराने तिच्यात कसं शिरायचं, ते क्रमाने सांगतो.

आधी माणसं मोजा

शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ चा. २०१९ मध्ये नियम बदलले, तेव्हापासून ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणं सक्तीचं आहे. ४ ते २९ माणसं असतील तर तुमची मर्जी. चारपेक्षा कमी असतील तर घेता येत नाहीत.

गोची होते ती मोजणीत. हजेरीपटावर २६ आणि ठेकेदाराकडून आलेले ८, असं असलं की मालक म्हणतो, ‘आपण तिशीच्या आत.’ नाही. कंत्राटी माणसंही धरायची, म्हणजे झाले ३४. अप्रेंटिसांची संख्या एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के हवी, म्हणजे या कारखान्याला किमान एक आणि जास्तीत जास्त पाच.

मग पोर्टलवर नोंदणी

अप्रेंटिसशिप इंडिया या सरकारी पोर्टलवर आस्थापनेची नोंदणी होते. पॅन, जीएसटी, पत्ता, मनुष्यबळाचा आकडा, बँक खातं जवळ ठेवा. ई-मेल आणि मोबाइल मालकाचा किंवा कंपनीचाच द्या. हिशोब लिहायला येणाऱ्या मुलाचा नंबर दिला आणि तो नोकरी सोडून गेला, की प्रत्येक ओटीपीसाठी त्याच्या विनवण्या कराव्या लागतात. हे अनुभवाने सांगतोय.

त्यानंतर कुठल्या ट्रेडमध्ये, म्हणजे कुठल्या कामासाठी, किती जागा ते जाहीर करायचं. फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन हे ‘निर्देशित’ ट्रेड, त्यांचा अभ्यासक्रम ठरलेला असतो. बाकी कामांसाठी ‘ऐच्छिक’ ट्रेड आहेत. पहिल्यांदा घेत असाल तर सरळ आयटीआय झालेला मुलगा घ्या. त्याला मूलभूत प्रशिक्षणासाठी वेगळं पाठवावं लागत नाही, थेट कामावर शिकवता येतं. ट्रेडबद्दल शंका असेल तर जवळच्या आयटीआयमधल्या बीटीआरआय विभागात (अप्रेंटिसांचं मूलभूत प्रशिक्षण बघणारा विभाग) एक चक्कर मारा. फोनवर तासभर घालवण्यापेक्षा ते बरं.

पदविका आणि पदवीधरांसाठी केंद्राच्या शिक्षण खात्याची ‘नॅट्स’ ही वेगळी योजना आणि वेगळं पोर्टल आहे. एकाच मुलाला दोन्हीकडे दाखवू नका. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही निराळी. तिच्यातून आलेला उमेदवार या कायद्याखालचा अप्रेंटिस नव्हे.

आता पैशांचं

२०१९ च्या नियमांत पहिल्या वर्षाचं किमान विद्यावेतन शिक्षणानुसार ५,००० ते ९,००० रुपये होतं: दहावी पास ६,०००, आयटीआय ७,०००, पदविका ८,०००, पदवीधर ९,०००. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने यात ३६ टक्के वाढीची शिफारस केली. त्यामुळे करार कराल त्या दिवशीचा दर पोर्टलवर पाहूनच आकडा टाका. दर किमान आहे. जास्त द्यायला कोणी अडवत नाही.

सरकारचा वाटा विद्यावेतनाच्या २५ टक्के, पण महिना १,५०० रुपयांपेक्षा जास्त नाही. ६,००० दिलेत तर चौथा हिस्सा बरोबर १,५००, तुमच्या खिशातून ४,५००. ७,००० दिलेत तर हिशोबाने १,७५० येतात, मिळतात १,५००च, तुमचे ५,५००. १०,००० दिलेत तरी १,५००च. वाट्यासाठी उमेदवाराचं वय १४ ते ३५ हवं, आणि धोकादायक कामाला अठराच्या आतला मुलगा लावता येत नाही.

पूर्वी मालक सगळी रक्कम देई आणि सरकारकडून परतावा मागे. २०२३ पासून सरकारचा वाटा थेट मुलाच्या खात्यात जमा होतो. तुम्ही तुमचा भाग पुढच्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत बँकेतून भरायचा आणि पोर्टलवर नोंद करायची. ती नोंद राहिली की मुलाचे १,५०० अडकतात. कागद तुमचा, नुकसान त्याचं.

आणखी एक जागा अडते: आधार. सरकारी पैसा खाते क्रमांक पाहून जात नाही, आधारशी डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, जोडलेल्या खात्यात जातो. ‘माझं आधार लिंक आहे’ असं मुलगा म्हणतो, तेव्हा बहुतेकदा ते केवायसीपुरतं असतं. एका पोराने चार महिने तक्रार केली की सरकारचे पैसे येतच नाहीत. शेवटी गावच्या बँकेत शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी काढलेलं खातं निघालं; पैसे तिथे निमूट जमा होत होते. तेव्हा रुजू करून घेतानाच त्याला आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती, म्हणजे आधार कुठल्या बँकेशी जोडलंय ते, उघडून दाखवायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे.

करार आधी, काम नंतर

‘चार दिवस बघू कसा आहे, मग करार करू’ ही सवय महागात पडते. कराराविना मशीनवर उभा असलेला मुलगा कायद्याने अप्रेंटिस नाही. मग किमान वेतन, पीएफ, ईएसआय (कामगारांचा विमा) यांचे प्रश्न उभे राहतात. करार असलेल्या अप्रेंटिसला पीएफ आणि ईएसआय लागू होत नाहीत. मात्र काम करताना त्याला इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावरच असते. हातमोजे, चष्मा, बूट कामगाराला देता तेच त्यालाही द्या.

करार पोर्टलवरच तयार होतो. ट्रेड, मुदत, विद्यावेतन, सुरुवातीची तारीख तपासून घ्या. मुदत ट्रेडप्रमाणे सहा महिने ते तीन वर्षं असते. मुदत संपल्यावर नोकरी द्यायचं कायद्याने बंधन नाही, तुम्हीच करारात तसं कबूल केलं असेल तर गोष्ट वेगळी. दुसऱ्या वर्षी विद्यावेतन दहा टक्क्यांनी वाढतं, हे वार्षिक खर्चात आधीच धरा.

आणि मुलगा मध्येच सोडून गेला तर त्याच आठवड्यात पोर्टलवर करार संपवायची प्रक्रिया सुरू करा. तो तिकडे मोबाइलच्या दुकानात बसलाय आणि इकडे पोर्टलवर तुमच्या लेथवर काम करतोय, असं दिसत राहायला नको.