शिकेकाई-रिठ्याच्या काढ्याने केस कसे धुवावेत

शिकेकाई सोडून दिलेल्यांची तक्रार बहुधा एकच असते: धुतल्यावर डोक्यात चोथा राहतो, टाळू खाजते. दोष शिकेकाईचा नाही, पूड थेट डोक्याला चोळण्याचा आहे. पूड नको, काढा करा.

खांद्यापर्यंतच्या केसांना शिकेकाईच्या 5-6 शेंगा, 4-5 रिठे आणि लहान मूठभर आवळकाठी पुरते. रिठे फोडून आतली काळी, गुळगुळीत बी टाकून द्या. फेस येतो तो सालीतल्या सॅपोनिनमुळे. सगळं पाऊण लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवा. भांडं स्टीलचं घ्या. लोखंडात आवळ्यामुळे पाणी काळं पडतं.

सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर 15-20 मिनिटं उकळा. भांडं मोठंच हवं, कारण रिठा दुधासारखा उतू जातो. गार झाल्यावर हाताने कुस्करा. सुरकुतलेली रिठ्याची साल आता मऊ, चिकट झालेली असते, ती बोटांत चोळली की फेस सुटतो. मग गाळा. चहाच्या गाळणीवर भागवू नका, सुती फडक्यातून दोनदा गाळा. सगळी मेहनत इथेच फळाला येते.

पहिल्यांदा वापरताना कानामागे थोडा काढा लावून एक दिवस थांबा. वनस्पतींचीही अॅलर्जी येते.

केस आधी नीट ओले करा. डोळे मिटून, मान मागे टाकून काढा टाळूवर ओता. डोळ्यांत गेला तर फार झोंबतो. बोटांच्या पेरांनी 3-4 मिनिटं चोळा, नखं लावू नका. फेस शांपूइतका येणार नाही, म्हणून घाबरून जास्त ओतू नका. भरपूर पाण्याने धुवा. केस फार कोरडे असतील तर काढ्यात चमचाभर मेथी भिजवा. तिच्या बुळबुळीतपणामुळे गुंता सहज सुटतो, गाळायला मात्र वेळ लागतो.

कोंडा असेल तर रात्रभर तेल थापून ठेवू नका, असं मी कळकळीने सांगेन. कोंड्याशी संबंधित मॅलासेझिया ही बुरशी टाळूच्या तेलावरच जगते. टाळू लाल झाली, खपल्या धरल्या किंवा चकत्यांसारखे केस गेले, तर काढा बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

उरलेला काढा फ्रीजमध्ये 2-3 दिवस टिकतो. आंबूस वास आला की ओतून द्या.