टक्के, असमानता आणि संभाव्यता : आकडेमोडीआधी काय पाहावे

टक्क्यांचे गणित दिसले की हात आपोआप गुणाकाराकडे वळतो. तो आवरा आणि आधी विचारा : हे टक्के कशाचे? समजा, २० टक्के सूट मिळून किंमत ४८० झाली. मूळ किंमत किती? बरेच जण ४८० चे २० टक्के काढून त्यातच मिळवतात आणि ५७६ लिहून मोकळे होतात. पण सूट मूळ किमतीवर मिळाली होती, ४८० वर नव्हे. मूळ किंमत १०० टक्के धरली, तर ४८० म्हणजे तिचे ८० टक्के. म्हणून ४८० ला ८० ने भागा, १०० ने गुणा : ६००. लगेच ताळा करा. ६०० चे २० टक्के १२०. वजा केले की ४८० उरतात.

असमानता समीकरणासारखीच सोडवायची, फक्त ऋण संख्येने गुणले किंवा भागले की चिन्ह उलटते. ७ − ३क्ष < १९ घ्या. ७ वजा करा : −३क्ष < १२. आता −३ ने भागा : क्ष > −४. चिन्हाबद्दल शंका असेल तर क्ष = ० ठेवून पाहा; ७ < १९, बरोबर. क्ष = −५ ठेवले तर २२ < १९ येते, म्हणजे −५ उत्तरात बसत नाही.

संभाव्यतेला मात्र निवांत वेळ द्या, कारण इथे चूक आकडेमोडीत नसते, मोजणीत असते. नाणे दोनदा उडवले, तर किमान एकदा छापा पडण्याची संभाव्यता किती? दालांबेर या नामवंत फ्रेंच गणितज्ञाने १७५४ मध्ये तीनच शक्यता धरल्या : पहिल्याच वेळी छापा, आधी काटा मग छापा, दोन्ही वेळा काटा. त्यावरून उत्तर २/३ येते. पण या तिन्ही शक्यता सारख्या नाहीत. पहिलीच्या पोटात दोन दडल्या आहेत. म्हणून नमुना अवकाश, म्हणजे सर्व शक्यतांची यादी, पूर्ण लिहून काढा : छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा. चारांपैकी तिनांत छापा आहे, उत्तर ३/४.

प्रश्नात ‘किमान एक’ असे शब्द आले की उलट बाजूने मोजणे सोपे जाते. दोन फासे टाकले, किमान एकावर ६ हवा. एकूण ३६ जोड्या. एकही ६ नसलेल्या ५ × ५ = २५. उरल्या ११, म्हणून संभाव्यता ११/३६. घाईत १/६ + १/६ केले तर १२/३६ येते, कारण (६, ६) ही जोडी दोनदा मोजली जाते.