आवाजातला बारीक फरक कळंना? कानाला दोष देण्याआधी या चुका टाळा

आपल्याकडं बेळगाव, खानापूर, निपाणी भागात सप्ताह असू दे नाहीतर भजन स्पर्धा, मिक्सरजवळ चारजण उभे असतात आणि एक म्हणतो "आत्ता बरं झालं बघ", दुसरा म्हणतो "नाही रे, मघाशीच बरं होतं", आणि दोघंही मनापासून सांगत असतात. कान दोघांचाही चांगलाच असतो. खरं कान मोजत नाही, तो तुलना करतो, आणि तुलनाच चुकीची मांडली की तयार कानसुद्धा फसतो.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे व्हॉल्यूम सारखा न करता दोन सेटिंग ऐकणं. एखाद्या डेसिबलनं आवाज वाढला तर तो मोठा झाला असं वाटतच नाही, जास्त स्वच्छ आणि भरीव झाला असं वाटतं. त्यात कान 2 ते 5 हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट, आणि एकूण आवाज कमी केला की बास आधी हरवतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच मोजून दाखवलंय. म्हणून ट्रेबल वाढवला की मास्टर (एकूण आवाजाचा नॉब) जरा खाली घ्या, मग ठरवा. दोन्ही सेटिंग लगोलग ऐका, कारण आवाजाचा नेमका पोत डोक्यात काही सेकंदच ताजा राहतो. आणि नॉब फिरवणाऱ्याकडं पाठ करा, हात हललेला दिसला की नसलेला फरकही ऐकू येतो.

तंबोऱ्याची गोष्ट वेगळी. जोडीची (एकाच सुरात लावायच्या दोन तारांतली) एक तार छेडायची, ती विरली की दुसरी, असं लावत बसलात तर अर्ध्या हर्ट्झचा फरक निसटणारच. दोन्ही एकत्र वाजू द्या. काळी एकच्या आसपास एक तार 139 हर्ट्झला आणि दुसरी 139.5 ला असेल तर दर दोन सेकंदांनी सूर फुगतो आणि बसतो, वरच्या स्वरांशांत (मूळ सुराबरोबर त्याच तारेतून निघणाऱ्या वरच्या सुरांत) तर त्याहून भरभर, ते नवख्यालाही कळतं. मणी अगदी हळू सरकवत जा, लाट लांबत लांबत थांबली की जोड जुळली.

जवारीचं, म्हणजे घोडीवर तार घासून येणाऱ्या त्या गुंजनाचं, तर मला फार नवल वाटतं. घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवला तर सूर तोच, व्हॉल्यूम जवळपास तोच, तरी आवाज खुलला का मिटला हे लगेच कळतं. कारण एका तारेत दुप्पट, तिप्पट, चौपट असे कितीतरी स्वरांश एकदम वाजत असतात आणि कॉक्लियातल्या (आतल्या कानातल्या शंखासारख्या नळीतल्या) पडद्यावर प्रत्येकाची जागा वेगळी असते, बारीक सूर सुरवातीला, खर्ज आत टोकाकडं (या पडद्यावरच्या कामासाठी संशोधक बेकेशी यांना 1961 चं नोबेल मिळालं). मेंदू या जागा त्याच क्षणी एकमेकींशी ताडून बघतो. 1980 च्या दशकात संशोधक डेव्हिड ग्रीन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बऱ्याच सुरांच्या मिश्रणातला एकच सूर जरासा वाढवला तर, एकूण आवाज दरवेळी वरखाली केला तरी, लोकांना ते ओळखता येतं, आणि मिश्रणात सूर वाढवले की काम अवघड व्हायच्या ऐवजी बऱ्याचदा सोपं होतं. म्हणून जवारी बघताना तार जोरात ओढू नका. हलकी छेडा, विरेपर्यंत ऐका, मगच दोरा हलवा.

ट्यूनर ॲप बरोबर दाखवतोय आणि तरी पेटीचा गंधार टोचतोय, ही तक्रार पण नेहमीची. ॲप खोटं बोलत नाही, खरं पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा साधारण 14 सेंट वर असतो, म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांतल्या अंतराचा सातवा हिस्सा. गाणाऱ्याला उगाच बेसूर ठरवू नका.

अभंगाचे शब्द कळंनात म्हणून माईक वाढवत सुटू नका. मोठा झालेला खर्ज वरच्या सुरांना झाकतो, उलटं तेवढं होत नाही. आधी मृदंगाच्या चॅनलचा बास उतरवा.

आणि विसर्जन मिरवणुकीतून आल्या आल्या सेटिंग करायला बसू नका, कान तात्पुरता बधिर झालेला असतो आणि ट्रेबल भलताच वाढवला जातो. अमेरिकेतल्या निओश या कामगार-आरोग्य संस्थेच्या हिशोबानं 85 डेसिबलला 8 तास चालतात, पुढं दर 3 डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे 100 ला फक्त 15 मिनिटं. कानातली शिट्टी दुसऱ्या दिवशीही गेली नाही तर ईएनटी डॉक्टरांना दाखवा, आणि एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी गाठा.