परदेशातला ॲम्प्लिफायर ठाण्यात लावताना या चुका टाळा

सुट्ट्यांमध्ये अमेरिकेहून, जपानहून सामान येतं आणि पाठोपाठ माझ्या टेबलावर जळके ॲम्प्लिफायर येतात. कारण बहुतेक वेळा एकच असतं. प्लग इथल्या सॉकेटमध्ये बसेना, म्हणून नौपाड्यातून पिनेचा अडॅप्टर आणला, प्लग बसला, बटण दाबलं. अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो. बोर्डातले 230 व्होल्ट तसेच पुढे जातात.

घोडबंदर रोडवरच्या एका घरातला सबवूफर असाच आला होता. मुलगा टेक्सासहून कायमचा परतला, अडॅप्टरवर लॅपटॉप चालला, म्हणून सबवूफरही त्यावरच लावला. लॅपटॉपच्या चार्जरवर 100 ते 240 व्होल्ट छापलेलं असतं, तो कुठेही चालतो. सबवूफरच्या मागे मात्र 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ असं स्पष्ट लिहिलं होतं. फट् आवाज झाला, फ्यूज उडाला. इथवर नुकसान किरकोळ होतं. आत मेन्सवर व्हॅरिस्टर होता. व्होल्टेज फार चढलं की तो शॉर्ट होतो, फ्यूज उडवतो आणि पुढचं वाचवतो. पण बोलावलेल्या वायरमनने उडालेल्या फ्यूजवर तांब्याची तार गुंडाळून पुन्हा चालू केलं. मी झाकण उघडलं तेव्हा व्हॅरिस्टरचा कोळसा झाला होता, कपॅसिटरची डोकी फुगली होती आणि ट्रान्सफॉर्मरला जळक्या वार्निशचा वास येत होता. प्रायमरी वायंडिंग, म्हणजे मेन्सच्या बाजूचं तारेचं वेटोळं, तुटलेलं. तो ट्रान्सफॉर्मर इथे मिळत नाही, तो नव्याने गुंडाळून घ्यावा लागला. फ्यूजवर तार बांधणाऱ्याला मी कारागीर मानत नाही. फ्यूज उडाला की आधी कारण शोधा आणि त्याच अँपिअरचा नवा बसवा.

230 व्होल्ट उतरवून 110 किंवा 100 करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेताना लोक वॅट्समध्ये फसतात. ॲम्पच्या मागच्या पट्टीवर 300 वॅट असेल तर मी 750 व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची क्षमता) घेतो. ॲम्पमधला मोठा टोरॉइड, म्हणजे कड्यासारखा गोल ट्रान्सफॉर्मर, चालू होताना क्षणभर भरपूर करंट ओढतो, आणि स्वस्त डब्यांवर छापलेल्या आकड्यांवर माझा विश्वास नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर घ्या, हातात धरून वजन बघा. अमेरिकन ॲम्पला मी 120 ऐवजी 110 व्होल्ट देतो. 60 हर्ट्झसाठी बनवलेल्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा आपल्या 50 हर्ट्झवर जास्त ताणला जातो, गुणगुणतो, तापतो. थोडं कमी व्होल्टेज त्याला मानवतं.

जपानी यंत्र 100 व्होल्टचं असतं. त्याला 110 वाला ट्रान्सफॉर्मर लावू नका. आपल्याकडे रात्री 240 झाले की त्यातून 115 निघतात. 100 चाच मागा, नसेल तर बनवून घ्या.

आता टर्नटेबल. इथे ट्रान्सफॉर्मर लावूनही गाणं खाली बसतं, आणि मग बेल्ट बदलले जातात, रेकॉर्ड वाकडी ठरते, सुई बदलली जाते. जुन्या बेल्ट ड्राइव्हमधली एसी सिंक्रोनस मोटर व्होल्टेजवर नाही, फ्रिक्वेन्सीवर फिरते, आणि ट्रान्सफॉर्मर फ्रिक्वेन्सी बदलत नाही. 60 हर्ट्झची मोटर 50 वर लावली की मिनिटाला 33⅓ च्या जागी 28 हून कमी फेरे होतात. काळी एकमधलं गाणं खालच्या काळी पाचमध्ये ऐकू येतं. पेटी जवळ असेल तर सा धरून बघा, लगेच कळतं. उपाय म्हणजे त्याच मॉडेलची 50 हर्ट्झची पुली. ती 60 हर्ट्झच्या पुलीपेक्षा साधारण एक पंचमांशाने जास्त जाड असते. मोटरच्या दांड्यावर टेप गुंडाळून जाडी वाढवणाऱ्यांना मी हात जोडतो, असं करू नका: टेप एकसारखी बसत नाही आणि प्रत्येक लांब सुरात थरथर येते. टेक्निक्सच्या एसएल-1200 सारख्या क्वार्ट्झ डायरेक्ट ड्राइव्हला ही अडचण नाही, तिथे फक्त व्होल्टेज सांभाळा.

मागे व्होल्टेज सिलेक्टर असेल तर प्लग काढूनच फिरवा, आणि फ्यूजही बदला: 120 ला 6 अँपिअर असेल तर 230 ला 3. हेअर ड्रायरसाठी मिळणारा हलका कन्व्हर्टर ॲम्पला कधीच नको. स्टॅबिलायझर म्हणजे स्टेप-डाउन नव्हे. अर्थिंगची पिन कापू नका, स्पीकरमधून हम (गुणगुण) आला तरी नाही.

पहिल्यांदा चालू करताना मी ट्रान्सफॉर्मरच्या 230 च्या बाजूला सिरीज बोर्डात, म्हणजे करंट बल्बमधून जाऊनच पुढे पोचेल असा, 100 वॅटचा पिवळा बल्ब लावतो. क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटत राहिला तर आत शॉर्ट आहे. याला दोन मिनिटं लागतात, पण घाई असलेल्यांना तेवढाही धीर नसतो.

इथून अमेरिकेला जाणाऱ्यांनी 230 चा ॲम्प नेऊ नये. 120 वर तो बहुधा जळत नाही, पण रिले (स्पीकर जोडणारा आतला स्विच) लागत नाही किंवा आवाज चिरका येतो, आणि 120 चे 230 करणाऱ्या स्टेप-अप ट्रान्सफॉर्मरचं ओझं वेगळंच. साध्या स्पीकरना मेन्सशी देणंघेणं नसतं, ते खुशाल न्या. ॲम्प तिथे घ्या.