फेडररची रॅकेट, तेरा वर्षांचा हात: गटिंगला येण्याआधी या चुका टाळा

मी टेनिसच्या रॅकेटचं गटिंग करतो, म्हणजे फ्रेममध्ये स्ट्रिंग ताणून बसवतो. उन्हाळी शिबिरं सुरू झाली की माझ्या टेबलावर एकाच छापाच्या रॅकेट यायला लागतात. रॅकेट महागडी, स्ट्रिंग कडक आणि खेळणारं पोरगं सातवीतलं. सोबत बाबा, बाबांच्या हातात मोबाईल आणि मोबाईलवर कुठल्यातरी चॅम्पियनचा सेटअप, म्हणजे त्याची रॅकेट, स्ट्रिंग आणि ताण. "काकाजी, अस्संच करून द्या." मी करून देत नाही. गिऱ्हाईक रागावून दुसरीकडे जातं, जाऊ दे.

तर चूक पहिली, आणि माझ्या मते सगळ्यांत महागाची: आवडत्या खेळाडूचा सेटअप जसाच्या तसा उचलणं.

एक मुलगा आला होता, तेरा वर्षांचा, चणीने बारीक. बाबांनी हौसेने फेडररच्या नावाची ९७ चौरस इंचांच्या डोक्याची (स्ट्रिंगच्या जाळीचा भाग) विल्सन रॅकेट घेऊन दिलेली. ही रॅकेट स्ट्रिंगशिवायच ३४० ग्रॅम भरते. स्ट्रिंग आणि ओव्हरग्रिप, म्हणजे मुठीवर गुंडाळायची पट्टी, चढली की ३६० च्या घरात. त्यात कुणीतरी फुल पॉली, म्हणजे सगळी कडक पॉलिएस्टरची स्ट्रिंग, मारून दिलेली, ५८ पौंडांच्या ताणावर. बाबांचं म्हणणं, शॉट बेसलाइनपर्यंत पोचत नाहीत, म्हणजे स्ट्रिंग ढिली झाली, ६० करून द्या. आता स्ट्रिंग जितकी कसाल तितका चेंडू कमी उडतो, हे इतकं साधं आहे की समजावताना मलाच कसंतरी होतं.

मी आधी रॅकेट पाहिली. वरच्या टोकाला फ्रेमवर चेंडूचे पिवळट डाग. म्हणजे चेंडू स्ट्रिंगवर बसतच नव्हता, रॅकेट उशिरा येत होती. मग ग्रिप. खालचा भाग कोराकरकरीत आणि वरचा झिजून काळा. पोरगं दोन इंच वर धरून खेळत होतं, कारण खालून धरली की पेलत नव्हती. विचारलं, "काहून बे, जड होते का?" त्याने बाबांकडे पाहिलं आणि म्हणाला, "नाही." मी पाण्याची बाटली पुढे केली आणि झाकण उघडायला सांगितलं. ते त्याने डाव्या हाताने उघडलं. उजवा कोपर दुखत होता आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

गंमत म्हणजे तो फेडररचा सेटअप नव्हताच. फेडरर उभ्या स्ट्रिंगला नॅचरल गट वापरायचा आणि आडव्याला पॉली. नॅचरल गट मऊ असतो, हाताला सांभाळून घेतो. महागही असतो, आणि तो गाईच्या आतड्यापासून बनतो म्हटल्यावर आमच्याकडची निम्मी घरं तिथेच हात जोडतात. मग नाव फेडररचं आणि स्ट्रिंग सगळी पॉली, असं अर्धवट ध्यान तयार होतं.

शिवाय ती ९७ फेडररच्या हातात कधी आली ते बघा. पोरवयात तो ८५ चौरस इंचांची खेळायचा, मग ९० ची. सतरा ग्रँड स्लॅम त्याच ९० वर जिंकली. २०१३ मध्ये विम्बल्डनच्या दुसऱ्याच फेरीत ११६ व्या क्रमांकाच्या स्टाखोव्हस्कीकडून हरला, तेव्हा कुठे बत्तिशीला टेकलेल्या या माणसाने हॅम्बर्ग आणि ग्श्टाडच्या स्पर्धांत ९८ ची चाचणीतली रॅकेट काढून पाहिली. जमलं नाही. पाठही दुखत होती. अमेरिकन ओपनला पुन्हा ९० घेऊन उतरला. २०१४ पासून मात्र मोठ्या डोक्याची रॅकेट हातात राहिली, आणि अठरावं ग्रँड स्लॅम आलं ते २०१७ मध्ये मेलबर्नला, पस्तिसाव्या वर्षी. एवढ्या मोठ्या माणसाला रॅकेट बदलायला इतके महिने लागतात, आणि आपली मंडळी सकाळच्या बॅचला एक, संध्याकाळच्या बॅचला दुसरी आणतात.

त्या मुलाची पॉली मी कापून टाकली, डॉक्टरकडे पाठवलं, आणि बरा झाल्यावर २७० ग्रॅमच्या रॅकेटमध्ये मल्टिफिलामेंट, म्हणजे अनेक बारीक धाग्यांची मऊ स्ट्रिंग, ४८ पौंडांवर मारून दिली. या वयाला माझा आकडा हाच असतो, ४८ ते ५०, आणि पॉली नाहीच. पोरगं दिवाळीनंतर कोर्टावर परत आलं. ३४० वाली आता बाबा रविवारी खेळतात, तेही दोन इंच वर धरून.

आणखी एक. दुकानात दिसते तीच रॅकेट खेळाडूच्या हातात असते, असंही समजू नका. कित्येकांची फ्रेम जुन्याच साच्यातली असते, वरून फक्त नव्या मॉडेलचा रंग. त्यात शिशाच्या पट्ट्या लावून वजन जुळवलेलं असतं ते वेगळंच.

चूक दुसरी: पॉली तुटेपर्यंत खेळणं.

१९९७ ला जागतिक क्रमवारीत ६६ वा असलेला गुस्तावो कुएर्तेन लक्सिलॉन कंपनीची पॉली घेऊन आला आणि फ्रेंच ओपन जिंकून गेला. तेव्हापासून सगळ्यांना पॉली हवी. नदालही आयुष्यभर फुल पॉलीच खेळला, ५५ पौंडांवर, हे पोरांना पाठ असतं. पण मोठ्या स्पर्धांत पहिल्या सात गेमनंतर आणि पुढे दर नऊ गेमनी चेंडू बदलतात, तेव्हा बरेच खेळाडू रॅकेटही ताज्या गटिंगची घेतात, हे कुणाला पाठ नसतं. तुमच्या बॅगेतली पॉली गेल्या गणपतीतली.

पॉली तुटत नाही, ती मरते. दहा-पंधरा तास जोरात खेळलं की तिचा ताण बऱ्यापैकी उतरलेला असतो. स्पिन कमी होतो, मग पोरगं मनगटाने ओढायला लागतं आणि दुखणं सुरू. ओळखायची खूण सोपी आहे. शॉट मारल्यावर उभ्या स्ट्रिंग सरकलेल्या तशाच राहतात का बघा. बोटाने सरळ कराव्या लागत असतील तर कापा. "तुटली तर नाही न काकाजी, पैसे काहून घालवायचे?" म्हणणाऱ्यांना मी साधं सिंथेटिक गट, म्हणजे नायलॉनची स्ट्रिंग, सुचवतो. स्वस्त, मऊ, आणि तुटून स्वतःच वेळ सांगतं. कोणती स्ट्रिंग, किती पौंड आणि तारीख, एवढं लिहिलेली चिठ्ठी मी प्रत्येक रॅकेटच्या गळ्यात आतून चिकटवतो. लोक ती पहिल्याच दिवशी काढून टाकतात.

बाकीच्या चुका पटापट.

मे महिन्यात रॅकेट गाडीच्या डिकीत ठेवू नका. नागपुरात पारा ४५ च्याही वर जातो, बंद गाडीत त्याहून किती तरी जास्त. स्ट्रिंगचा ताण तिथेच उतरतो.

नदालची ग्रिप सव्वाचार इंचांची, म्हणून तुमचीही तीच, असं नसतं. रॅकेट धरा. बोटांची टोकं आणि तळवा यांच्यात दुसऱ्या हाताची करंगळीच जात असेल तर ग्रिप बारीक आहे, तर्जनी नीट बसली तर बरोबर.

एक स्ट्रिंग तुटली की उरलेल्या त्याच दिवशी कापा. मधून सुरुवात करा, उभी-आडवी आळीपाळीने. अर्धी ताणलेली, अर्धी ढिली फ्रेम वाकडी होते.

स्ट्रिंगमध्ये अडकवायच्या रबरी डॅम्पनरने कोपर बरा होत नाही. तो आवाज कमी करतो, बस.

ओव्हरग्रिप बदला हो. पावसाळ्यातल्या काही ग्रिपा मला चिमट्याने सोलाव्या लागतात.

आणि गटिंगला देताना नुसतं "५२ मारा" म्हणू नका. एका मशीनवरचे ५२ आणि दुसऱ्या मशीनवरचे ५२ हाताला वेगळे लागतात, त्यातून इथल्या बऱ्याच मशीन दिवसभर बॅडमिंटनच्या रॅकेट ओढत असतात. आधी कोणती स्ट्रिंग होती, आठवड्याला किती तास खेळता आणि कुठे दुखतं, एवढं सांगा. आकडा मी ठरवतो.